चाळिसाव्या दिवसाचं पाणी

“हो, मीच बुडवलं बाळाला! किती वेळा सांगू?” बुरुल ओरडली.

नारिन शहराच्या इस्पितळातल्या त्या खोलीत, कोर्टाने नेमलेल्या मानसतज्ज्ञ सोनुनताई शांतपणे तिच्यासमोर बसल्या होत्या.

“का बुडवलंस?”

“जळत होते नणंदेवर! माझी कूस रिकामी, त्यातून मी विधवा...”

किती सोपं असतं हो विधवेवर आळ घेणं! हे उत्तर तिला सासूने, सैकाल आपांनी पढवलं होतं. माहेरी बाळंतपणाला आलेल्या नणंदेने, नुरसुलूने, भानावर नसताना आपलंच तान्हं घंगाळात बुडवलं, त्याच संध्याकाळी आपांनी बुरुलचे खांदे गदागदा हलवले होते. “वेडी म्हणून नाव लागलं, की जावई तिला नांदवायचा नाही गं! तुझ्यामागे रडायला आहे कोण? ना नवरा, ना मूल!” गेलेल्या नवऱ्याच्या आईला ती अभागिनी नाही कशी म्हणणार?

“पाणी कसं होतं?” ताईंनी सहज विचारलं.

“गार. नळाचं.”

“पंचनामा वेगळं सांगतो. चुलीवरचं पातेलं अजून गरम होतं. बाळाच्या चाळिसाव्या दिवशी अंघोळीला चाळीस चमचे पाणी मोजून घालतो ना आपण, तो चमचा घंगाळात होता. शेजारी धुतलेलं टोपडं होतं. जळणारी बाई पाणी कोमट करत बसत नाही, बुरुल. हे आईचे हात आहेत, आणि ती आई फार आजारी आहे. बाळंतपणानंतर होतो असा आजार, उपचारांनी बराही होतो. पण तू तुरुंगात गेलीस तर तिला औषध कोण देणार? ती नदी जवळ करील!”

तोच दार धाडकन उघडलं. बाहेर बाकावर बसलेल्या आपांनी सारं ऐकलं होतं!

“हिने काही केलं नाही! मीच हिला खोटं बोलायला लावलं!” त्यांनी बुरुलच्या कुशीत तोंड खुपसलं. “माझा लेक गेला तेव्हा मला घास भरवलास तू... आणि तुलाच म्हणाले, रडायला कोण आहे! मी आहे ना गं, ही मेली म्हातारी आहे ना!”

“आपा, उठा बघू. आधी नुरसुलूला इथे आणू या,” बुरुल हुंदके देत म्हणाली.

तीन आठवड्यांच्या औषधांनंतर नुरसुलूची भिरभिरती नजर ठरली. ती शुद्धीवर येईल तो दिवस सर्वांत कठीण असेल, असं ताईंनी बजावलं होतं. त्या दुपारी तिने वॉर्डभर पाहिलं, रिकाम्या कुशीकडे पाहिलं.

“वहिनी... माझं बाळ कुठाय?”

आपा भिंतीकडे तोंड करून रडू लागल्या. बुरुलने नणंदेचे दोन्ही हात घट्ट धरले.

“सांगते. आधी माझ्याजवळ सरक.”