कानबाईचा फुटका नारळ

धुडकूआप्पा जिना चढून ऑफिसात आले, तेव्हा हेमराज बोरसे असा ताडकन उठला की टेबलावरचा चहा कलंडला. खासगी तपास करणाऱ्या चंचल महाजनने भुवई उंचावली. कापड मार्केटचे बडे शेठ आले तरी तिचा हा मदतनीस जागचा हलत नसे.

त्याला कारण होतं. हेमराजची बायको रुसून माहेरी जाऊन बसली होती, तेव्हा समाजाचे पंच म्हणून आप्पांनीच दोघांना समोरासमोर बसवून संसार पुन्हा रांगेला लावला होता. रोज गरम पोळी ताटात पडली की हेमराज मनातल्या मनात आप्पांना हात जोडायचा. उपकार विसरणाऱ्यांतला तो नव्हता. अक्कल जरा सावकाश चाले, एवढंच.

"बाई," आप्पा चंचलला म्हणाले, "आमच्यात एक गुन्हा झालाय, आणि त्याला कायद्याच्या पुस्तकात कलम नाही."

चंचलने वही बाजूला सारली. हरवलेले पार्सल आणि लग्नाआधीच्या चौकशा यांतच तिचे दिवस जात. कलम नसलेला गुन्हा तिच्याकडे पहिल्यांदाच येत होता.

आप्पांनी सांगितलं ते असं. इथे उधना भागात राहणाऱ्या खान्देशी समाजाच्या वाडीत दर रविवारी पंच बसतात. भाऊबंदकी, वाटण्या, नवरा-बायकोची भांडणं तिथे मिटतात. जे ठरेल ते ज्योती बागुल वकील कागदावर उतरवतात आणि लोकअदालतीत मंजूर करून घेतात. मग तो कोर्टाचाच हुकूम. शब्द समाजाचा, शिक्का सरकारचा.

येत्या रविवारी योगिताचा निवाडा होता. तिचा नवरा गेल्या वर्षी वारला. सासऱ्यांच्या पाठीमागे राहिलेल्या घरात खाली सासू कलाबाई, थोरला दीर नितीन आणि त्याची बायको वैशाली. शिडी चढून वर एक खोली, तिथे योगिता आणि तिची मुलगी प्रिया. ती खोली कायमची योगिताच्या नावे करायची, असं ठरत आलं होतं.

"आणि काल सकाळी," आप्पांचा आवाज बसला, "घरातली कानबाई योगिताच्या खाटेखाली सापडली. फुटलेली."

हेमराजने कानाच्या पाळ्यांना हात लावले. कानबाई म्हणजे खान्देशच्या घराघरातली आई. श्रावणात नारळाच्या रूपात ती सजते, मिरवते, आणि सण सरला की लाल फडक्यात गुंडाळून वर्षभर देवळीत विसावते.

"योगिता काय म्हणते?" चंचलने विचारलं.

"ती रडते. म्हणते, मी हात लावला नाही. पण ज्याच्यावर देवीचा दोष, त्याच्यासाठी पंच बसत नाहीत. जुनी रीत आहे. मग तिला कोर्टात जावं लागेल. कायदा तिच्या बाजूने आहे, पण बाई, तोवर ती पोर रस्त्यावर. आणि खरं सांगू? ती खोटं बोलतेय असं मला वाटत नाही."

"रविवारपर्यंत बघते," चंचल म्हणाली.

घर मिलच्या मागच्या गल्लीत होतं. कलाबाई उंबऱ्यात पाय पसरून गुडघ्यांना तेल चोळत बसल्या होत्या. देवळीत लाल फडक्याचं गाठोडं होतं. रविवारनंतर ते तापीत सोडायचं होतं, म्हणून कोणी हात लावत नव्हतं. फडक्याला मुंग्यांची रांग लागली होती.

"जरा झाडून तरी घ्यायचं," हेमराज पुटपुटला. चंचल मात्र त्या रांगेकडे बघत राहिली.

"आजी, ही कानबाई कधीची?"

"मन्हा लगीनमा सासूनी दिन्ही माय. तवयपाईन घरमा शे," कलाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "हालावं का आतमा खुळखुळ वाजे. प्रिया ल्हानी व्हती तवय ते ऐकीसन हासे."

"वरच्या खोलीत ती कोणाला सापडली?"

"नितीनले. मी वर चढस नही, मन्हा गुडघा धरी गयात. त्यानी खाले आनी, मन्हा हातमा दिधी. फडकं वलं व्हतं. मी म्हनं, योगितानी पानी सांडं व्हई."

वैशाली स्वयंपाकघरातून फणकारत बाहेर आली. "मला काय विचारता? मी बारडोलीला माहेरी होते. काल दुपारच्या बसने आले, तोवर सगळं रामायण होऊन गेलेलं. पण एक सांगते, जिच्या हातून देवी फुटली ती या घरात नांदायची नाही."

योगिता वर खिडकीशी बसली होती. प्रिया तिच्या मांडीवर झोपली होती.

"काल सकाळी कुठे होतीस?" चंचलने विचारलं.

"हिला शाळेत सोडायला. आले तर गल्ली जमलेली." तिने पोरीच्या केसांवरून हात फिरवला. "ताई, खोली जाईल याचं दुःख आहेच. पण ही मोठी झाल्यावर लोक तिला सांगतील, तुझ्या आईने कानबाई फोडली. ते मला सोसणार नाही."

खाली उतरल्यावर हेमराज बाहीने डोळे पुसू लागला. चंचल म्हणाली, "रडणं नंतर. जा, नितीनशी गप्पा मारून ये. काय बोललास ते नाही, काय पाहिलंस ते मला सांग."

नितीन टेम्पो चालवायचा. लूम कारखान्यांतलं कोरं कापड मिलमध्ये पोचवायचा. हेमराज पोचला तेव्हा माल चढत होता आणि नितीन केबिनमध्ये बसला होता. ओळख वाढवायला हेमराजने तंबाखू-चुन्याची डबी पुढे केली.

"नको भाई. सोडली," नितीन म्हणाला.

पाठीवर तागा घेतलेला हमाल हसला. "परवापर्यंत तोंडात गोळी असल्याशिवाय याची गाडी चालू होत नव्हती. कालपासून शेठ सोवळे झालेत!"

नितीन खाली उतरला, चाकाशी काढून ठेवलेल्या चपला पायात सरकवल्या, हेमराजला बाजूला घेतलं आणि तीच डबी मागून घेऊन भली मोठी गोळी दाढेखाली ठेवली.

"माझं काही वैर नाही हो तिच्याशी," तो म्हणाला. "पण देवीपुढे कोणाचं चालतं? मी डोळ्यांनी पाहिलं ते सांगितलं."

माल भरून झाल्यावर त्याने थुंकून खळखळून चूळ भरली, चपला काढून मागच्या मालावर भिरकावल्या आणि अनवाणीच केबिनमध्ये चढला. पत्रा तापलेला. हेमराजच्या तळव्यांना नुसतं बघूनच चटका बसला.

"चमत्कारिक माणूस," परत आल्यावर तो कुरकुरला. "आधी नको म्हणाला, मग माझी डबीच रिकामी केली. फुकटचं ते पौष्टिक!"

चंचलने त्याला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मग ती खुर्चीत मागे रेलली आणि हसली. "हेमराज, केस तू सोडवलीस."

हेमराजने मागे वळून पाहिलं, दुसरा कोणी हेमराज उभा आहे की काय.

रविवारी वाडीत सतरंज्या अंथरल्या होत्या. मधोमध धुडकूआप्पा, शेजारी ज्योती वकील कागद घेऊन. योगिता एका कोपऱ्यात, तिच्या आजूबाजूची जागा रिकामी. ती रिकामी जागा पाहून हेमराजला इतका राग आला की तो सरळ जाऊन तिच्याजवळ बसला.

"आप्पा," नितीन उठून म्हणाला, "निवाडा नंतर. आधी दोषाचं काय ते ठरवा."

"ठरवू की," चंचल पुढे आली. "त्याआधी एक काम. हेमराज, बाहेर नितीनभाऊंचा टेम्पो उभा आहे. केबिनमध्ये जाऊन बस. चपला घालूनच बस. आणि तंबाखूचा बार भर, तिथेच पिचकारी मारलीस तरी चालेल."

हेमराजला काही कळलं नाही. पण चंचलने सांगितलं म्हणजे करायचं, एवढं त्याला कळत होतं. तो उठला, दाराशी चपला घातल्या, अंगण ओलांडलं आणि केबिनचं दार उघडून एक पाय आत टाकला.

"चप्पल काढ!" नितीनची आरोळी वाडीभर घुमली. "अरे चप्पल काढ, आत..."

तो मध्येच थांबला. पण बोलायचं ते बोलून झालं होतं.

"आत कोण आहे, नितीनभाऊ?" चंचलने शांतपणे विचारलं.

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. तो खाली बसला.

"मी सांगते," चंचल म्हणाली. "देवळीतल्या गाठोड्याला मुंग्या लागल्यात. कलाआजींच्या हातात दिलं तेव्हा फडकं ओलं होतं. आजींच्या लग्नातला नारळ म्हणजे पाणी केव्हाच आटलेलं, खोबरं सुटून आत खुळखुळणारं. तो फुटला तर फडकं भिजेल कशाने? म्हणजे फुटला तो बाजारातून आणलेला ताजा नारळ, आणि तोही त्याच सकाळी. खरी कानबाई फुटलेलीच नाही."

कलाबाईंनी दोन्ही हात छातीशी नेले.

"मग हे केलं कोणी? योगिता स्वतःच्याच खाटेखाली स्वतःची बदनामी कशाला ठेवेल? वैशालीताई तेव्हा बारडोलीत. आजींना शिडी चढवत नाही. उरला एकच, आणि गाठोडं खाली आणणाराही तोच. योगिता शाळेत गेली तेवढ्यात यांनी काम उरकलं."

"पण खरी कानबाई?" ज्योती वकिलांनी विचारलं.

"तीच तर गंमत. हा माणूस खोटं बोलला, याने विधवा भावजयीवर आळ घेतला, पण देवी फोडायची याची छाती झाली नाही. घरात ठेवली तर आईच्या हाती लागेल. परक्याकडे देववेना. म्हणून स्वतःजवळच ठेवली, केबिनमध्ये. गाडीचं देऊळ झालं! त्या दिवसापर्यंत तंबाखू खात गाडी हाकणारा माणूस केबिनमध्ये तंबाखूला शिवेना. खाली उतरला की खायचा, चूळ भरून वर चढायचा. चालक लोक चपला काढतात, पण पायाशी ठेवतात. यांनी केबिनमध्येही येऊ दिल्या नाहीत. हे सगळं हेमराजने पाहिलं. मी फक्त त्याचा अर्थ लावला."

हेमराज बाहेर अंगणात अनवाणी उभा होता. देवीचं नाव ऐकताच त्याने चपला उडवून दिल्या होत्या. मग नितीन स्वतः उठला, गाडीकडे गेला आणि लाल रेशमी पिशवी दोन्ही हातांत धरून आला. कलाबाईंनी ती कानाशी नेली, हळूच हलवली आणि मुसमुसून रडायला लागल्या.

"मी भ्यालो," नितीन खाली मान घालून म्हणाला. "उद्या हिने दुसरं घर केलं, तर बापाच्या घरात परका माणूस येईल. म्हणून..."

"मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, दादा," योगिता म्हणाली. ती उभी राहिली. "मला कुठे जायचं नाही. आणि जायचं ठरवलं, तरी माझ्या लेकीची खोली लेकीचीच."

"कायदाही हेच म्हणतो," ज्योती वकील म्हणाल्या. "खोट्या आळाबद्दल पोलिसांतही जाता येईल, योगिता. तू म्हणशील तसं."

योगिताने सासूकडे पाहिलं. "पोलीस नकोत. दादांनी गल्लीत ज्या ज्या दारात माझं नाव घेतलं, त्या त्या दारात जाऊन खरं सांगावं. आणि खोलीचा कागद आज व्हावा."

"दोन्ही होईल," आप्पा म्हणाले. ते चंचलकडे वळले, हात जोडले. "बाई, आज आमच्या हातून एका लेकराचं घर मोडलं असतं, आणि आम्ही त्याला रीत म्हटलं असतं. तुम्ही आम्हाला वाचवलंत. यापुढे चौकशीशिवाय दोष धरायचा नाही, हेही कागदावर घ्या, ज्योतीताई."

योगिता हेमराजजवळ आली. "भाऊ, तुम्ही माझ्याजवळ येऊन बसलात. तेव्हा काही सिद्ध झालं नव्हतं. ते मी जन्मभर विसरणार नाही." आप्पांचे उपकार थोडे तरी फेडल्यासारखं हेमराजला वाटलं, आणि तो मनापासून सुखावला.

लोकअदालतीचा हुकूम हातात आला, त्यानंतर श्रावणात कलाबाईंनी दोघांना चहाला बोलावलं. खाली जमिनीवर स्वच्छ गव्हाची रास होती. कानबाईच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू घ्यायचा, त्याचंच पीठ दळायचं, अशी रीत.

कलाबाईंनी नितीनच्या नावाची सव्वा मूठ सुपात टाकली. मग त्या थांबल्या. योगिता सवयीनेच उठून चहाचे कप गोळा करायला लागली. तिच्या वाट्याचा गहू नवऱ्याबरोबरच संपला होता.

"कथी चालनी? बस," कलाबाई म्हणाल्या. त्यांनी राशीत हात घातला, मूठ गच्च भरली आणि सुपावर धरली. "हाई प्रियानी." वर पाव मूठ घातली. पुन्हा हात राशीत गेला. "आनि हाई तुन्ही."

सूप भरत होतं. योगिता कप तसेच हातात धरून सासूसमोर खाली बसली.