भिंगाचं कडं

मला हे सांगायचंच नव्हतं. पण सुनेनं डोकं खाल्लं. म्हणे, बाबा, तुम्ही तोंडानं सांगता तेव्हा दरवेळी वेगळंच सांगता, एकदा कागदावर उतरवा म्हणजे वाद मिटेल. मी चौथीतच शाळेला रामराम ठोकलेला माणूस. अक्षर म्हणजे कोंबडी नाचल्यासारखं. तेव्हा चुका काढत बसू नका.

माझ्या बायकोचा धाकटा भाऊ शिंपी आहे. त्याला सगळे टेप म्हणतात, कारण त्याला टेप लागत नाही. गिऱ्हाईक दारातून आत येईस्तोवर ह्यानं छाती, कंबर, बाही नजरेनंच मोजलेली असते. आणि त्याला नाद जुन्या कॅमेऱ्यांचा. भारीतले नव्हेत. जुन्या बाजारात चादरीवर गंजक्या कुलपांशेजारी पडलेले, चिल्लरीत मिळणारे. कुणाला झाकण नाही, कुणाचा पट्टा उंदरानं खाल्लेला. घरी आणायचा, पुसायचा, रोल घालायचा आणि पोरीला समोर उभी करायचा. एकुलती एक पोर, सहा-सात वर्षांची. तिला ठेच लागली तर ह्याच्या डोळ्यात पाणी. बायको म्हणायची, कपाटात कपड्यांना जागा नाही आणि ह्या काण्यांची धर्मशाळा झालीय.

एका रविवारी त्यानं काळा, प्लास्टिकचा, हलकाफूल कॅमेरा आणला. ह्या जातीच्या कॅमेऱ्यात डोळा लावायची खिडकी वेगळी असते आणि फोटो काढणारं भिंग वेगळं. खिडकीतून सगळं स्वच्छच दिसतं. माणूस किती लांब उभा आहे ते आपण अंदाजानं ठरवायचं आणि भिंगाभोवतीचं कडं फिरवायचं. कड्यावर चित्रं असतात. लांबचं असलं तर डोंगर, मग माणसांचा घोळका, मग जोडी, आणि अगदी जवळचं असलं तर नुसतं मुंडकं. कडं जिथं लावाल तेवढ्याच अंतरावरचं ठसठशीत येतं, बाकी पुसट. टेपचा अंदाज कधी चुकला नव्हता. आठ फूट म्हणजे आठ फूट.

त्याच्या घरामागे लांबट परस, परसाच्या टोकाला लोखंडी फाटक, फाटकापलीकडे गवताचं रान आणि रानामागे टेकडी. पोरीची उभी राहायची जागा ठरलेली, पेरूच्या झाडापाशी. ह्या स्वस्त कॅमेऱ्यांना ऊन भरपूर लागतं, म्हणून फोटो भर दुपारी. रोल संपला, स्टुडिओत धुवायला गेला. फोटो आले ते बघून टेपचं तोंड उतरलं. एकातही पोर धड नव्हती. सगळीकडे धुरात उभी असल्यासारखी.

स्टुडिओवाला म्हणाला, तुमचं बोट लागून कडं फिरतंय. टेपनं फोटो घरी आणून कापड बेतायच्या टेबलावर ओळीनं मांडले. आणि मग त्याला दिसलं.

पहिल्या फोटोत टेकडी स्वच्छ होती. दगड न् दगड मोजावा अशी. पुढच्यात टेकडी पुसट आणि रानातलं गवत स्वच्छ. त्या गवतात एक पट्टा आडवा पडलेला, कुणी चालून आल्यावर पडतो तसा. चालणारं कुणीच नाही. त्याच्या पुढच्यात गवत पुसट, फाटक स्वच्छ. फाटक अर्धं उघडं होतं. टेप फाटकाला कडी घातल्याशिवाय कधी फोटोला उभा राहत नसे, पोर रानात पळते म्हणून.

त्यानं ते कुणाला दाखवलं नाही. बायको विचारत होती, तर म्हणाला रोलच खराब निघाला.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच कॅमेरा फेकायचा. पण ज्याला आयुष्यभर नजरेचा गर्व, त्याला ते कसं जमावं? त्याला वाटलं कडं ढिलं आहे. नवा रोल घातला, कडं मुद्दाम डोंगरावर नेलं, आणि त्यावर काजं-बटणाचा पक्का दोरा गुंडाळून शिंप्याची गाठ मारली. ती गाठ कात्रीशिवाय सुटत नाही. म्हटलं, आता फिर.

दुपार होती. वारा नाही. पान हलत नव्हतं. पोर झाडापाशी उभी राहिली. टेपनं डोळा लावला, बटण दाबलं. मग त्याला वास आला... ताज्या तुडवलेल्या गवताचा. परसात तर गवत नव्हतं, सगळी फरशी.

त्यानं कडं बघितलं. दोरा जागेवर होता. गाठ जागेवर होती. आणि दोऱ्याखाली कडं जोडीच्या चित्रावर येऊन थांबलं होतं. जोडी म्हणजे आठ फूट. आठ फुटांवर त्याची पोर.

हाक मारायला त्यानं तोंड उघडलं. आणि तेवढ्यात ती पोर आपणहून एक पाऊल बाजूला सरकली. घाबरून नव्हे. जिन्यात कुणी खाली उतरताना आपण अंग चोरतो तशी.

"का गं सरकलीस..." त्याला कसंबसं विचारता आलं.

"मग त्याला जायला वाट नको?" पोर म्हणाली.

टेप सांगतो, आधी त्याला सुटल्यासारखं वाटलं. ते पोरीपाशी थांबलं नाही, त्याला पोर नको होती. त्या सुटकेत तो एकदा हसलासुद्धा. मग त्याच्या लक्षात आलं की पोरीच्या पुढे, त्या रेषेत, तो एकटाच उभा आहे. त्यानं खाली बघितलं. कडं जोडी सोडून मुंडक्याकडे निघालं होतं.

मी तेव्हा आमच्या ओट्यावर नखं काढत बसलो होतो. टेप आला तो पळतच, अनवाणी, हातात कॅमेरा अस्तराच्या कापडात गुंडाळलेला. म्हणाला, भाऊजी, माझा एक फोटो काढा. आता ह्या माणसाला कधी स्वतःचा फोटो काढवून घेताना मी पाहिलेला नाही. मी म्हटलं, अरे मला काय कळतंय त्यातलं? तो म्हणाला, कळायचं काही नाही, फक्त डोळा लावा आणि दाबा. मला वाटलं घरात भांडून आलाय.

मी डोळा लावला. समोर भिंतीला टेकून टेप. दाबलं.

तो खालीच बसला. घटाघटा पाणी प्यायला. म्हणाला, राहू दे तुमच्याकडेच. आणि मी असा मूर्ख, मला वाटलं त्यानं भेट दिली. गल्लीत चार जणांना दाखवून आलो.

पुढे कितीतरी दिवसांनी, त्याच्या बहिणीनं, म्हणजे आमच्या हिनं खोदून खोदून विचारलं तेव्हा त्यानं हे सगळं ओकलं. दाबणारा बदलला की ते दाबणाऱ्याकडे जातं, असं त्याला वाटलं म्हणे. मी म्हटलं, मग रस्त्यावरच्या कुणाला का नाही दिलास? तर म्हणतो, अनोळखी माणूस तयार झाला नसता. वर म्हणतो, मला पोर आहे. अरे, आणि मला काय शेळ्या आहेत?

फेकून द्या, असं सगळे सांगतात. फेकायला उचलावा लागतो, आणि उचलला की डोळा आपसूक काचेकडे जातो. म्हणून तो फळीवर आहे, भिंतीकडे तोंड करून. कडं मुंडक्याच्याही पलीकडे गेलंय, जिथं चित्र नाही, जिथं ते फिरूच शकत नाही. फळीवरच बाजूनं पकड घालून हलवून पाहिलं, हलत नाही. आणि दुपारी ऊन तापलं की त्याच्या डोळा लावायच्या खिडकीवर वाफ धरते, आरशावर श्वास सोडल्यासारखी. मी दोनदा फडक्यानं पुसली. जात नाही, आतून आहे.

काल मात्र त्या वाफेत मधोमध एक गोल पुसलेला होता. डोळ्याएवढा.

आणि टेपनं माझी माफी मागायची अजून राहिलीच आहे.