उंबरठा शून्यावर

इचलकरंजीतल्या ध्वनिप्रयोगशाळेत उपाध्येबाईंच्या टेबलावर आक्काताई मगदूमांनी चौथा माईक आदळला.

"हाही बिनकामाचा. म्हणे समोरचं तेवढं ऐकतो. समोरच्या भिंतीपलीकडं माझे बत्तीस माग धडधडतात, ते समोरचेच की."

"खेळताना माग बंद ठेवा ना, आक्का."

"म्हणजे तुझ्या खेळण्यापायी मी धंदा बंद ठेवू."

खेळणं तसं आक्काताईंचंच होतं. चार वाजता 'गडझुंज' या ऑनलाइन खेळाची उपांत्य फेरी होती. संघाची कप्तान त्यांची मुलगी नंदा, राहणार पुण्यात. तिनं काल बजावलं होतं, तुझ्याकडून नुसती धडधड येते आई, उद्याही तेच झालं तर तुला संघातून काढते.

सात वर्षांपूर्वी ही नंदा म्हणाली होती, माग बदल, नाहीतर कान जातील. आक्काताईंनी तिला कामगारांदेखत शेडबाहेर काढलं होतं. तेव्हापासून बोलणं बंद. मग नातीनं दोघींना एका संघात घातलं आणि आठवड्यातून एकदा 'डावीकडं बघ', 'पूल पाड' एवढं सुरू झालं. आता तेही जाणार होतं. कान तर गेलेच होते. ते मात्र आक्काताईंनी कुणाला कळू दिलं नव्हतं.

उपाध्येबाईंनी गळ्यात बांधायची एक पट्टी काढली. "हा कंठवाचक. हा आवाज ऐकतच नाही."

"मग हा माईक कसला?"

"बोलायच्या आधी मेंदू गळ्याच्या स्नायूंना हुकूम सोडतो. हा तो हुकूम वाचतो आणि तुमच्या आवाजात पलीकडं पोचवतो. बाहेर कितीही गोंगाट असू दे. पण शब्द गळ्याशी आला आणि माणूस गप्प बसलं, तरी हा वाचतो. म्हणून त्याला उंबरठा दिलाय. त्याहून कमजोर हुकूम अडतो. साठावर ठेवते."

साठावर काही जमेना. मागांच्या गोंगाटात ओरडून उपयोग नसतो, म्हणून शेडमधली माणसं नुसते ओठ हलवून बोलतात आणि समोरच्याचे ओठ बघूनच ऐकतात. आक्काताईंची चाळीस वर्षं त्यातच गेली होती. त्यांचा निम्मा शब्द उंबरठ्याशीच अडत होता.

"शून्यावर कर."

"आक्का, मग गिळलेलं वाक्यसुद्धा जाईल."

"मी काही गिळत नाही. गावाला विचार."

उपाध्येबाईंनी कपाळाला हात लावला आणि आकडा शून्यावर नेला.

चार वाजता, मागांच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत खेळ सुरू झाला. उपाध्येबाई शेजारी बसून होत्या.

"आई, आज स्वच्छ येतंय," नंदा खुशीत मोठ्यानं म्हणाली. आक्काताईंनी उपाध्येबाईंकडं असं पाहिलं, जणू यंत्र आपणच बनवलंय.

मग नंदानं मागचा बुरूज सांभाळायला सांगितलं. एकदा, दोनदा, तीनदा. आक्काताई पुढच्या दारावरच. बुरूज पडला.

"ऐकू येत नाही का तुला?" नंदा एवढ्यानं ओरडली की ते पोचलं.

आक्काताईंनी ओठ घट्ट मिटले.

पलीकडं सगळं थांबलं. पडद्यावर नंदाचा सैनिक तलवार उगारून नुसता उभा.

"बंद पडलं गं तुझं हे," आक्काताई उपाध्येबाईंवर खेकसल्या. उपाध्येबाईंनी आवाज पूर्ण चढवला आणि हेडफोन त्यांच्या कानांवर दाबून धरला.

"आई, काय म्हणालीस आत्ता?"

"कुठं काय. तोंडसुद्धा उघडलं नाही मी."

"'नाही येत गं. तुझं खरं होतं,' म्हणालीस."

"मी नाही म्हणाले."

"तेही आलं. आणि त्याच्यामागून परत 'खरं होतं' आलं."

शत्रू दरवाजा फोडून आत शिरला होता.

"गड चालला," आक्काताई म्हणाल्या.

"जाऊ दे."

उपाध्येबाई त्यांना ओठ दिसतील अशा समोर वाकल्या. "उंबरठा परत साठावर नेऊ का, आक्का?"

"हात लावून तर बघ," आक्काताई म्हणाल्या. ओठ मिटलेलेच होते. उपाध्येबाईंना काहीच ऐकू आलं नाही. पुण्यात नंदा हसली.