गाळाचा ढग

स्वारगेटच्या चौकात आता बोलताना आवाज चढवावा लागत नसे. सिग्नलला थांबलेल्या गाड्यांमधून बारीकशी घरघर तेवढी यायची, आणि दत्ताजी कोंढरे यांना सकाळी बाकावर बसून ती ऐकायला आवडायचं. वाहतूक शाखेत हवालदार असताना उमेदीची सगळी वर्षं त्यांनी याच चौकात उभं राहून काढली होती. तेव्हा नाकावर बांधलेला रुमाल दुपारपर्यंत काळा पडायचा. निवृत्तीच्या आधीच डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून सांगितलं होतं, की फुफ्फुसांचा गेलेला भाग परत येत नाही. राहिलाय तो जपा.

तो जपला गेला गुठळी-बॅटरीमुळे. हिंदी महासागराच्या तळाशी, चार-पाच किलोमीटर खोल, बटाट्याएवढ्या धातूच्या गुठळ्या पसरलेल्या असतात. निकेल, कोबाल्ट, मँगनीज असं बॅटरीला लागणारं बरंच काही त्यांत एकत्रच मिळतं. त्या उचलणारी यंत्रं तयार झाली आणि जमिनीवर खाणी खोदायची, त्यासाठी डोंगर आणि जंगलं उठवायची गरज उरली नाही. बॅटरी स्वस्त झाली, चहा पिऊन होईपर्यंत चार्ज होऊ लागली. शहरांत पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांवर बंदी आली. इंजिनं बनवणाऱ्या बहुतेक जुन्या कारखान्यांना टाळं लागलं.

दत्ताजींची मुलगी वैजयंता सागरी जीवशास्त्रज्ञ होती. गुठळ्या उचलल्यावर समुद्राचं काय होतं, यावर लक्ष ठेवणं हे तिचं काम. तळावर यंत्रांचे ओरखडे उमटतात आणि तिथले जीव मरतात, हे सर्वांना आधीपासून माहीत होतं आणि सर्वांनी ते मान्यही करून टाकलं होतं. तिला सापडलं ते तळाशी नव्हतंच.

गुठळ्या जहाजावर धुतल्या जात आणि ते गढूळ पाणी नळीने पुन्हा समुद्रात, मधल्या खोलीवर सोडलं जाई. तिथे गाळाचा ढग तयार होई. त्याच थरात अंगठ्याएवढे पारदर्शक प्राणी राहतात. वैजयंता त्यांना काचजीव म्हणे. ते पाणी गाळून त्यातले कार्बनचे कण खातात, आणि त्यांची विष्ठा जड होऊन तळाला जाऊन बसते. हवेतला बराचसा कार्बन समुद्र असा खाली पुरून टाकत असतो. गाळामुळे काचजीवांच्या गाळण्या बुजत होत्या. ढग जिथवर गेला होता तिथवर ते दिसेनासे झाले होते, आणि ढग कुणाच्याही अंदाजापेक्षा फार लांब गेला होता.

कोणत्या गाडीमुळे हवेत जास्त कार्बन उरतो, याचं गणित तिने पुन्हा पुन्हा केलं. वीजगाडी अजूनही इंजिनाच्या गाडीपेक्षा बरी ठरत होती, पण दोघींमधलं अंतर दरवर्षी घटत होतं. गुठळ्यांची उचल ठरल्याप्रमाणे वाढत गेली, तर ते एक दिवस मिटणार होतं.

एका परिषदेत तिने याचा ओझरता उल्लेख केला. पुढच्याच आठवड्यात विश्राम पारसनीस प्रयोगशाळेत आले. तग धरून राहिलेल्या एका जुन्या मोटार कंपनीत ते मोठ्या हुद्द्यावर होते.

"मॅडम, आम्ही तुम्हाला जहाज देतो," ते म्हणाले. "हवं तितके दिवस वापरा. फक्त निष्कर्ष आमच्यातर्फे जाहीर व्हावा."

"सगळा?"

"समुद्राचा भाग. इंजिनाच्या धुराशी तुम्ही जी तुलना केलीय, ती वगळू या. वाचणाऱ्याचा उगाच गोंधळ होतो."

"ती वगळली तर लोकांना वाटेल, इंजिनांनी काहीच बिघडवलं नव्हतं."

"आम्ही तसं कुठे म्हणतोय?" पारसनीस शांतपणे म्हणाले. "त्यांना वाटलं तर वाटलं."

वैजयंताने नकार दिला. ते उठले, दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "तुम्ही पूर्ण छापलंत, तरी त्यातलं आम्हाला हवं ते वाक्य आम्ही घेऊच. आणि वाक्य तुमचंच असेल."

त्या रविवारी ती पुण्याला घरी आली. दत्ताजी मटार सोलत बसले होते. तीही समोर बसून सोलू लागली आणि बोलता बोलता तिने त्यांना सगळं सांगितलं.

"हे छापलं तर गाड्या बंद होतील?" त्यांनी विचारलं.

"उचल थांबेल, नव्या बॅटऱ्या मिळणार नाहीत; जमिनीवरच्या खाणी तर कधीच बंद झाल्यात. मग जुन्या इंजिनांना परवानगी द्यावी लागेल, असं दिसतंय."

"आणि नाही छापलं तर?"

"तर बरीच वर्षं कुणाच्या लक्षातही येणार नाही. अण्णा, तुम्ही सांगा."

दत्ताजींनी हातातली शेंग खाली ठेवली. "माझ्याकडून नको म्हणवून घ्यायला आलीस का?"

ती खरोखर त्याचसाठी आली होती, आणि ते तिला त्याच क्षणी कळलं.

"मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "होही म्हणणार नाही. मला यात घालू नकोस, वैजू."

तिने शोधनिबंध पूर्ण छापला, धुराच्या तुलनेसकट. त्यावर खूप चर्चा झाली आणि शेवटी गुठळ्या उचलण्याला स्थगिती मिळाली. बॅटरीचे कारखाने थंडावले. गाळ पुन्हा तळापर्यंत नेऊन सोडता येईल का, जुन्याच बॅटऱ्यांतून धातू परत काढता येतील का, यावर समित्या बसल्या. दरम्यान लोकांना कामावर जायचं होतं, मुलांना शाळेत सोडायचं होतं. पारसनीसांच्या मोटार कंपनीची जाहिरात शहरभर झळकली. तिच्यात काचजीव नाहीसे होत असल्याचं वैजयंताचं एकच वाक्य होतं, अवतरणचिन्हांत, तिच्या नावासह. तुलना नव्हती. पेट्रोलच्या गाड्यांवरची बंदी काही काळापुरती म्हणून उठली.

पुढच्या हिवाळ्यात दत्ताजींना दवाखान्यात ठेवावं लागलं. बरे झाल्यावर ते शहराच्या धुरापासून दूर, भोरजवळ बहिणीकडे राहायला गेले. ऑक्सिजनची नळी आता दिवसातून बराच वेळ नाकाला असे. त्यांनी मुलीला एका शब्दानेही दोष दिला नाही. तिला ते अधिक जड गेलं.

दोन वर्षांनी वैजयंता संशोधन जहाजावर होती. गाळाचा ढग विरत चालल्याचं यंत्रं सांगत होती. एका दुपारी तिने भोरला व्हिडिओ कॉल लावला आणि खोल पाण्यातल्या कॅमेऱ्याचं चित्र वडिलांना दाखवलं. काळोखात एक पारदर्शक जीव हळूहळू आकसत होता, पसरत होता.

"हा तो?" दत्ताजींनी विचारलं.

"हा तो. इथे पहिल्यांदाच परत दिसलाय."

ते बराच वेळ बघत राहिले. "चांगला दिसतोय," ते म्हणाले. "एकटाच आहे?"

"एक आहे म्हणजे आसपास आणखी असतील."

"पहिल्यासारखं कधी होईल?"

"बरीच वर्षं जातील, अण्णा. तोवर तिथे यंत्रं सोडायची नाहीत."

दत्ताजींनी नळी नीट केली आणि श्वास सावरला. मग वेळ विचारावी तशा साध्या आवाजात म्हणाले, "आणि तोवर इकडे आम्ही काय करायचं?"