बारावी नळी

"कोऱ्या नळीत आई निघाली," मुलगी म्हणाली, तसा भाऊजींनी कप खाली ठेवला.

"म्हणजे आईचा जंतू," तिनं सावरून घेतलं.

आई महिन्यापूर्वी गेली होती. तेलबियांच्या पोटात राहणारा एक जंतू तिनं शोधला होता. तो निबंध परवा छापायला जाणार होता. मुलीनं शेवटची खातरजमा केली. बी कुटायचं, तेल काढायचं, भुकटीतून डीएनए सोडवायचा. तेल मागं राहिलं, तर तो हाती लागत नाही. सोबत एक कोरी नळी, नुसत्या पाण्याची. तीत काहीच निघायला नको. तीतही तोच जंतू निघाला.

"कुणीतरी मुद्दाम टाकलाय, वहिनी. आईचं नाव बुडवायला."

भाऊजी म्हणजे त्यांचे दीर; ते वहिनी म्हणायचे, म्हणून गुप्तहेरबाई अशिलांच्याही वहिनीच झाल्या होत्या.

"तिळाची भुकटी उडाली असेल," भाऊजी म्हणाले.

"मग तिळाचाही डीएनए निघाला असता," वहिनी म्हणाल्या. "निघाला?"

"नाही."

प्रयोगशाळेत आईचा कोट खुंटीवर होता, बाह्यांना अजून कोपरांचा बाक. भाऊजी त्याला वळसा घालून गेले. मुलीनं मोठ्या बाटलीवर हात ठेवला. "आईनं केलेलं, डीएनए सोडवायचं द्रावण. पुरवून पुरवून वापरते."

संशयाचा सूर लागताच आईचे एक सहकारी भडकले. "मी? वीस वर्षं भांडलो बाईंशी, पण तोंडावर! माझी पाण्याची नळी कोरीच येते. द्रावण दर आठवड्याला ताजं करतो."

"तो जंतू तुम्हाला मिळाला?"

"कधीच नाही. बाई म्हणायच्या, तुमचा हातच जड."

नळ्या फिरवायच्या यंत्रावरचे काका हळूच बोलले. "यंत्रात नळ्या समोरासमोर, जोडीनं लागतात. नाहीतर थडथडतं. बाई बारा लावायच्या. तपासणीलाही बाराच जायच्या."

वहिनी आईची वही चाळत होत्या. पानापानावर अकरा निकाल. सोयाबीनमध्ये जंतू जेमतेम, तिळात भरपूर.

"त्याला तेल आवडतं," मुलगी म्हणाली. "शोधच तो आहे."

वहिनींनी वही मिटली. "बसा सगळे. जंतू कुणी टाकलेला नाही. तो बाटलीत आहे."

"बाटलीत?" भाऊजी.

"यांचं द्रावण ताजं, यांना तो दिसत नाही. बी जितकं तेलकट, तितका त्याचा स्वतःचा डीएनए कमी सुटतो आणि बाटलीतला जंतू उठून दिसतो. पाण्यात तर तो एकटाच."

"म्हणजे चूक झाली," मुलगी घाईनं म्हणाली. "आईला ठाऊक नव्हतं."

"बारा नळ्या जायच्या, बारा निकाल यायचे. बाळ, वहीत अकराच आहेत. पाण्याच्या नळीचा नाही."



"राहू द्या ना, वहिनी. गेलेलं माणूस..."

"राहू दिलं असतं, भाऊजी. पण उद्या कुणाची तरी पोरं या जंतूमागं उमेदीची वर्षं घालवतील."

"आई खोटारडी होती?"

"तिनं पाहिलं आणि लिहिलं नाही. धीर कमी पडला की दिवस, ते मला नाही सांगता येत."

मुलीनं छापणाऱ्यांना फोन लावला. निबंध थांबवायचाय, म्हणाली. लेखिकेच्या इच्छेशिवाय कसा थांबवणार, असं पलीकडून कुणी विचारत होतं.

"मी त्यांची मुलगी," ती म्हणाली. कोटाकडे तिनं पाठ केली. "आईनंच सांगून ठेवलंय, छापू नका म्हणून."

भाऊजींनी तोंड उघडलं. वहिनींनी त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं.