बिननावाच्या बेडकापायी

ओढ्यातल्या दगडावर कुणीतरी पालथं पडलेलं पाहून रिदाहुनच्या काळजात धस्स झालं. सुपारीची टोपली तिथंच टाकून ती धावली.

"अहो! जिवंत आहात ना?"

"श्शू... पळेल तो."

दगडाच्या खाचेत अंगठ्याएवढा हिरवा बेडूक बसला होता. "याला अजून कुणी नावच दिलेलं नाही," पालथा माणूस कुजबुजला. हा किर्मेन, शिलाँगच्या कॉलेजातून बेडकांचा अभ्यास करायला आलेला.

"हा? याला तर आम्ही पकडतसुद्धा नाही. घासभरही होत नाही मेला!"

किर्मेन इतका हसला की बेडकानं टुणकन पाण्यात उडी मारली. झालं! आता तो पुन्हा सापडेपर्यंत मुक्काम करणं आलं.

रिदाहुनचं चुकलं ते इथंच. खासी माणूस पाहुण्याला आधी पान-सुपारी देतो आणि लगेच कूळ विचारतो. एका कुळातले सगळे भाऊबहीण, त्यांच्यात लग्न म्हणजे महापाप. तिनं सुपारी दिली, पण बेडकाच्या नादात कूळ विचारायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी विचारायला गेली, तर... जीभच रेटेना. उत्तराची भीती वाटायला लागली होती ना!

आठवडाभर दोघांनी ओढा पालथा घातला.

"एवढ्या पाण्याच्या आवाजात मादीला याची हाक ऐकू कशी जाते?" रिदाहुननं विचारलं.

"बारीक शिट्टी घालतो. पाण्याच्या आवाजाच्या वर निघते ती."

"आणि ती नाही आली तर?"

"पुन्हा घालतो. लाज कसली त्याला!"

"तुमच्यापेक्षा बरा म्हणायचा," ती म्हणाली. किर्मेनचे कान लाल झाले.

सातव्या दिवशी बेडूक सापडला. किर्मेननं फोटो काढले, शिट्टी टेप केली, वही मिटली... आणि तरी उठेना. रिदाहुनला उत्तराची भीती होतीच. पण उद्या हा गेला असता.

"किर्मेन — तुमचं कूळ कोणतं?"

तो पांढराफटक पडला. "तू आधी सांग."

"मी विचारलंय!"

"नोंग्रुम," तो कसाबसा म्हणाला.

रिदाहुन मटकन खाली बसली, थेट पाण्यात. "आम्ही खोंगवीर!" तिला हसू येत होतं आणि रडूही.

"हुश्श..." किर्मेननं केवढा तरी श्वास सोडला. "तुझी आई कूळ विचारील म्हणून मी तुमच्याकडे चहालासुद्धा आलो नाही!"

"मग आता चला. पण ऐकून ठेवा, मी धाकटी आहे. आमच्यात धाकटीचं घर सुटत नाही, नवऱ्यालाच यावं लागतं."

किर्मेननं तिची टोपली उचलून खांद्याला लावली. "बेडूक इथला, तू इथली. मी शिलाँगला जाऊन करू काय?"