तंबू ठोकायला जागा न्हाय

माळढोक डोळ्यांनी बघायचा, एवढ्या एकाच कामासाठी तिघं जण कोल्हापूरहून थेट जैसलमेरच्या पुढच्या वाळवंटात येऊन धडकले होते. आणि त्यातल्या प्रियदर्शनीला आता माळढोकाचं नावसुद्धा नको झालं होतं.

हट्ट आबांचा. तिचे वडील, कृष्णात आबा, एसटीत ड्रायव्हर होते. तरुणपणी सोलापूरकडच्या माळावर गाडी तापली म्हणून ते थांबले होते, तेव्हा हा कमरेएवढा उंच पक्षी गवतातून पाटलासारखा चालत गेलेला त्यांनी पाहिला. पुढं त्या माळावर तो दिसेनासाच झाला. "राजस्थानात हाईत अजून. एकदा बघून येतो," हे निवृत्त झाल्यापासून त्यांचं पालुपद. मंगळवार पेठेतले त्यांचे दोस्त दिलदारचाचा गाड्यांच्या सीटा शिवायचे. त्यांनी स्वतःची जुनी ओम्नी काढली. या दोघा म्हाताऱ्यांना एकटं कसं सोडायचं, म्हणून राजारामपुरीतल्या क्लासात जीवशास्त्र शिकवणारी प्रियदर्शनी सुट्टी काढून निघाली. निघण्याआधी तिनं बजावलं होतं, माळढोकांचं ते राष्ट्रीय उद्यान उघडं आहे का ते फोन करून विचारा.

"सरकारी रान हाय ते," आबा म्हणाले होते. "दुकान हाय व्हय बंद व्हायला?"

रान बंद होतं!

फाटकाला साखळी, साखळीला कुलूप, आणि शेजारी फलक: पक्ष्यांमध्ये साथ आल्यामुळे पुढील आदेशापर्यंत प्रवेश बंद. आतली तंबूची जागाही अर्थात बंद. तिथून ते तलावाकाठी गेले. पाणपक्ष्यांनाही तीच साथ, त्यामुळं तलावही बंद. वाळूच्या टेकड्यांपाशी गेले, तर तंबूवाले उन्हाळा लागला म्हणून गाशा गुंडाळून गेलेले, आणि पलीकडच्या जमिनीवर जवानांचा सराव चाललेला. एका देवराईत खेजडीची, म्हणजे आपल्याकडच्या शमीची, दाट सावली पाहून चाचांनी गाडी थांबवली, तर गावकरी हात जोडून पुढं आले. गवत वाळलंय, इथं चूल पेटवायची नाही.

"चूल न्हाय ओ पावणं, शेगडी हाय! ग्यासची!" चाचांनी मराठीतच समजूत घातली. उपयोग झाला नाही.

"जैसलमेरला माघारी जाऊ. लॉज बघू," प्रियदर्शनी दात आवळून म्हणाली.

"लॉजात माळढोक येतोय व्हय?" आबांचं उत्तर तयार.

दुपार कलली तेव्हा उद्यानाच्या तारेबाहेरून जाणारी एक चाकोरी आबांना दिसली. पुढं कुठंतरी डांबरी रस्त्याला मिळत असणार, मध्ये मोकळं रान, मुक्कामाला झकास, असा त्यांचा हिशेब. चाचांनी गाडी घातली. बराच वेळ ती नीट चालली. मग मागची चाकं जागच्या जागी गरगरली, आणि ओम्नी म्हशीसारखी वाळूत बसली.

"आता झाला मुक्काम!" प्रियदर्शनी म्हणाली.

गाडी हलकी करायला त्यांनी तंबू, भांडी, पाण्याचे कॅन असं सगळं सामान खाली काढलं. ताटांनी वाळू उपसत असताना वारा एकदम पडला. पश्चिमेला आभाळ आणि जमीन यांच्यामध्ये एक तपकिरी भिंत उभी होती. ती चालत येत होती.

"आबा, गाडीत! चाचा!"

तंबू पहिल्याच झपाट्यात उडाला. वाळूचा मारा सुरू झाला. आबांना तिनं आत कोंबलं आणि वळून पाहिलं, तर चाचा नाहीत!

"पाणी... पाणी आणतो..." असं काहीसं ऐकू आलं. मग तेही नाही.

समोर हातभरावरचं दिसत नव्हतं. तिनं सामान बांधायचा दोर दाराच्या मुठीला बांधला, दुसरं टोक कमरेला, आणि रांगत निघाली. तोंडात वाळू. कानात वाळू. डोळे मिटलेले. हात पसरून ती चाचपत राहिली. भांडं लागलं. दगड लागला. दोर संपत आला. आणि मग एक पाय!

"धरा मला! सोडू नका!"

दोर ओढत दोघं परत आली, तेव्हा चाचांच्या हातात कॅनची नुसती मूठ उरली होती. आबांनी मित्राचं तोंड आपल्या टॉवेलानं पुसलं. रात्रभर गाडी पाळण्यासारखी हलत राहिली.

सकाळी आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. चाकं अर्धी गाडलेली. एक कॅन फुटलेला, दुसरा सापडेच ना. गाडीत राहिलेली पाण्याची एक बाटली, तीही भरलेली नव्हती. फोनला रेंज नाही. पण एक गोष्ट बरी होती. थोडी वाळू काढली की पुढं टणक मुरूम लागत होता आणि त्यापलीकडं डांबरी रस्ता चक्क दिसत होता. जमीन तपासायला प्रियदर्शनी चाकोरीनं पुढं चालू लागली.

आणि थबकली.

गवतातून एक पांढरी मान वर आली होती. डोक्यावर काळी टोपी. तो पक्षी तिच्याकडं पाहत होता. मग अंग सावरून परत खाली बसला, अगदी चाकोरीला लागून. ती वाकली आणि पावलांचा आवाज न करता मागं आली.

"आबा," ती कुजबुजली. "मादी हाय. अंड्यावर बसलीय."

आबांनी डोळ्यांवर हात धरला. गवताकडं बघतच राहिले.

"कुठाय? मला नुसतं गवातच दिसतंय," चाचा कुरकुरले. मग त्यांनाही दिसली. "अल्ला! केवढी थोरली!" जरा वेळानं त्यांनी सुकलेले ओठ चाटले. "बाजूनं हळू घालतो की गाडी. रस्ता त्यो काय, समोर हाय."

"ती उठली, तर ह्या उन्हात अंडं वाया जाईल चाचा. वर्षाला एखादंच घालती ती." प्रियदर्शनीला रडू यावं की हसू, कळेना. "तलाव बंद, टेकड्या बंद, एवढं राखलेलं रान पलीकडं मोकळं पडलंय, आणि ही बया तारेबाहेर येऊन बसलीय, ती बी आमच्याच वाटेवर!"

मागं जायचं म्हणजे सगळी वाळू परत तुडवायची. इंजिनाचा आवाज न करता, तिघांनी, हातांनी, एवढ्याशा पाण्यावर.

आबांनी डोळ्यांवरचा हात खाली घेतला.

"बघून झालं," ते म्हणाले. "ढकला मागं."

चाचांनी सीटांवरचं रेक्झिन टराटरा फाडलं. स्वतःच्या हातानं शिवलेलं! ते चाकांखाली घालायचं, गाडी तेवढी मागं लोटायची, पुढून सुटलेलं उचलून परत मागं घालायचं. थोड्याच वेळात आबा धापा टाकू लागले. प्रियदर्शनीनं त्यांना ओढून स्टेअरिंगवर बसवलं. ती आणि चाचा पुढून छाती लावून ढकलू लागले. पत्रा तापला. हात भाजले. बाटली संपली. चाचा दोनदा खाली बसले आणि दोन्ही वेळा शिव्या देत उठले.

गाडी वाकडी जायला लागली, म्हणून तिनं वर पाहिलं. आरशात बघून गाडी सरळ धरायची सोडून आबा काचेतून समोर, तिच्या डोक्यावरून पलीकडं बघत होते.

"मागं बघा!" ती दबक्या आवाजात खेकसली. ओरडायचीही सोय नव्हती.

त्यांनी आरशात पाहिल्यासारखं केलं. परत समोर. त्यांच्या गालांवरच्या धुळीत दोन ओले ओघळ उतरले होते. तिनं मान खाली घातली आणि ढकलत राहिली. गाडी वाकडी गेली की चाचा चाकाला लाथ मारून सरळ करत.

गवत पुरतं दूर पडलं, जमीन टणक लागली, तेव्हाच चाचांनी इंजिन चालू केलं. फाटकाशी पोचतात तोच वनखात्याची जीप आडवी आली.

"यहाँ रुकना मना है!" रक्षक उतरता उतरताच गरजला.

प्रियदर्शनी पुढं झाली. तुटक्या हिंदीत तिनं चाकोरी सांगितली, गवत सांगितलं, अंडं सांगितलं. रक्षकाचा चेहरा बदलला. त्यानं आधी पाण्याची बाटली पुढं केली, मग वायरलेसवर घाईघाईनं बोलला. चाकोरी दोन्ही बाजूंनी अडवायला माणसं निघाली. शेवटी त्यानं फाटकाजवळच्या चौकीमागल्या खेजडीकडं बोट दाखवलं. आज इथंच थांबा.

सावलीत फाटकं रेक्झिन अंथरून तिघं आडवी झाली. चाचा लगेच घोरू लागले. प्रियदर्शनीच्या हातांवर फोड आले होते, ते फुंकत ती म्हणाली, "सगळ्या वाटंनं समोर बघत हुता, आबा. शेवटी दिसली का?"

"दिसली की." आबांनी डोळे मिटले. "उठली न्हाय ती."